आठ-नऊ नसलेले पत्ते

सातनंतर दहा. सतरानंतर वीस. सत्त्याहत्तर झाले की थेट शंभर. ही मोजणी मी इतकी वर्षं केली, की घरी दुधाचा हिशेब करतानाही कधीकधी आठ आणि नऊ गाळून पुढे जायचे. आई म्हणायची, "काय गे, शिकलेली पोर तू, तुला आठ येईना?" आठ येत होता. पण आमच्या यंत्राला तो येत नव्हता, आणि साठच्या दशकात बेंगळुरात त्या यंत्राचं ऐकूनच आम्हाला चालावं लागे.

आधीच सांगून ठेवते. आमचं घराणं या गावात इतक्या पिढ्यांपूर्वी आलं की कुणाबरोबर आलं यावर लग्नकार्यात अजून वाद होतात. घर बसवनगुडीत. त्यामुळे माझ्या मराठीत मधूनच कानडी शब्द येतील. संपादकांना ते तसेच ठेवायला सांगितलंय. पुण्याच्या वाचकांनी स्वल्प सांभाळून घ्यावं.

गणितात एम.एस्सी. झाल्यावर विमानांचं संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मला नोकरी लागली. संस्थेचं आणि तिथल्या माणसांचं खरं नाव लिहीत नाही. परदेशातून नुकताच एक संगणक आला होता. एक अख्खी खोली त्याने व्यापली होती, आणि सबंध आवारात थंड हवेची सोय फक्त त्याच खोलीत. बाहेर ऊन असलं तरी आम्ही आत स्वेटर घालून बसायचो. केसात फुलं माळून यायला बंदी होती. पाकळी कपाटात पडली तर यंत्र बिघडेल, असं यंत्राची देखभाल करणाऱ्या मूर्तींचं म्हणणं. मूर्ती म्हैसूरकडचे, माझ्याहून थोडे मोठे, पण मला 'शांतक्का' म्हणायचे. बायकांशी आदराने बोलायचं तर अक्का म्हणायचं, एवढी एकच रीत त्यांना ठाऊक होती. दाराशी एक वाटी ठेवलेली असायची. रोज सकाळी माझा मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा त्या वाटीत, मग मी आत.

काम काय होतं ते साध्या भाषेत सांगते. यंत्राची स्मृती म्हणजे चार हजारांच्या वर छोटी छोटी घरं, आणि एकेका घरात एकेक आकडा. घरांना नावं नाहीत, फक्त नंबर. हिशेब करणारा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, तोही त्याच घरांत राहायचा, आणि ज्यावर हिशेब करायचा ते आकडेही. हिशेब चुकला तर यंत्र थांबवून आत डोकवायचं, कुठल्या घरात काय आहे ते पाहायचं. आजची मुलं त्यासाठी डीबगर उघडतात, पत्ता टाइप करतात आणि पडद्यावर उत्तर येतं. आमच्याकडे पडदा नव्हता. समोर बारा खटके होते, तीन-तीनचे चार गट. प्रत्येक गटाने पत्त्याचा एक अंक. तीन खटक्यांत शून्यापासून सातपर्यंतच आकडे बसतात, म्हणून आठ-नऊ नाहीत. खटके वर-खाली करून पत्ता लावायचा आणि 'दाखव'चं बटण दाबायचं. वरच्या ओळीतले दिवे लागत. कुठले पेटले, कुठले विझलेले, त्यावरून घरातला आकडा वाचायचा. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "दिवे बघायला पगार देतात?" मी म्हटलं, "होय, आणि स्वेटरसुद्धा घालायला लावतात!"

पत्ता चुकला की काय होतं, याचा एक मासला सांगते. शेतकी खात्यातले एक गृहस्थ पीक-पाण्याचे आकडे घेऊन यायचे. एकदा ते म्हणाले, "बावन्न नंबरात माझी नाचणी आहे, ती दाखवा." मी बावन्न लावला. दिवे लागले, आकडा वाचून दाखवला. ते खुर्चीतून उठलेच. "ही माझी नाचणी नव्हे! एवढी नाचणी सगळ्या जगात नसेल!" बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी बोटांवर मोजलेलं बावन्नावं घर यंत्राच्या लेखी चौसष्ट. यंत्राच्या बावन्नात त्यांचा पाऊस भरला होता. चौसष्ट लावल्यावर नाचणी सापडली. जाताना त्यांनी यंत्राकडे असं पाहिलं, जणू त्याने पत्ता मुद्दाम चुकीचा सांगितला होता.

असल्या गमती खूप. पण आज लिहायला बसले ते एका दिवसाबद्दल.

शेजारी विमानांचा कारखाना होता, तिथे एका नव्या विमानाच्या चाचण्या चालू होत्या. पंखांखाली इंधनाच्या जादा टाक्या लावल्या होत्या आणि त्या लावून किती वेगाने उडायचं हे ठरवायचं होतं. वेग वाढत गेला की एका ठरावीक वेगाला पंख थरथरायला लागतो. दोरीवरचं लुगडं वाऱ्याने फडफडतं तसा. फरक इतकाच की लुगडं फाटायला वेळ लागतो, पंखाला क्षणभर पुरतो. तो वेग आधी कागदावर काढायचा असतो. आमच्या यंत्राने तो काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाण होतं आणि ते पाहायला दिल्लीहून पाहुणे यायचे होते.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या खोलीचं दार उघडलं आणि निळ्या गणवेशातला एक उंच माणूस आत आला. आमचे प्रमुख डॉ. रंगाचारी त्याच्या मागे होते. ते म्हणाले, "शांता, हे स्क्वाड्रन लीडर कुट्टप्पा. उद्या हेच उडवणार आहेत. यांना यंत्र पाहायचंय." एवढं सांगून ते गेले.

कुट्टप्पा कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. सैन्यातल्या माणसांचा रुबाब असतो तसा काही दिसला नाही, उलट जत्रेत आल्यासारखे सगळीकडे पाहत होते. आमचं बोलणं इंग्रजी आणि कानडीत झालं, मी ते मराठीत देते.

"मिस शांता, माझा पंख कुठे आहे?"

"म्हणजे?"

"उद्या मी ज्या पंखांवर बसणार, त्यांचे आकडे या कपाटात आहेत म्हणतात. मला पाहायचेत."

असं काही मागणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. बाकीच्यांना छापील उत्तर हवं असे, आत काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. मला इतका आनंद झाला! त्यांच्याच हिशेबाची शेवटची फेरी नुकती संपली होती, यंत्र थांबलेलं होतं, आकडे जिथल्या तिथे होते. मी त्यांना खटक्यांसमोर बसवलं.

"डाव्या पंखाचा तक्ता दोन-चार-शून्य-शून्यपासून सुरू होतो. उजव्याचा दोन-पाच-शून्य-शून्यपासून. मुळापासून टोकाकडे एकेका पट्टीचं वजन. टोक म्हणजे सुरुवातीपासून एक-सात घरं पुढे."

"सतरा?"

"सतरा म्हणू नका, फसाल. एक-सात."

त्यांनी स्वतः खटके लावले. दोन, चार, एक, सात. 'दाखव' दाबलं. दिव्यांची ओळ पेटली. ते लहान मुलासारखे हसले. "हे माझं डावं टोक?"

"होय."

"आता उजवं." दोन, पाच, एक, सात. परत ओळ पेटली. ते बघत राहिले. मग परत डावं लावलं. परत उजवं. मला वाटलं, त्यांना खेळ आवडला.

"मिस शांता, विमानाचे दोन्ही पंख सारखे असतात ना?"

"असतात."

"मग उजवीकडे हा एक दिवा कमी का?"

मी वाकून पाहिलं. एक दिवा. डाव्या टोकाला पेटत होता, उजव्याला नाही. बाकी ओळ तंतोतंत तीच. बल्ब गेला असेल म्हणून दुसरा पत्ता लावून पाहिला, तर बल्ब पेटत होता. म्हणजे घरातला आकडाच वेगळा होता. यंत्राच्या लेखी उजव्या पंखाचं टोक हलकं झालं होतं.

"हलकं टोक उशिरा थरथरतं," कुट्टप्पा शांतपणे म्हणाले. "म्हणजे तुमच्या कागदावरचा वेग खऱ्यापेक्षा जास्त असू शकतो."

मी मूर्तींना हाक मारली. त्यांनी खटके लावून पाहिलं आणि लगेच म्हणाले, "अय्यो, कार्डाला भोक चुकीचं पडलं असेल." आकडे तेव्हा भोकं पाडलेल्या कार्डांवरून आत जात. कार्ड काढलं. भोकं बरोबर होती. कार्डं पुन्हा आत घालून हिशेब सुरू करण्याआधीच पाहिलं, तर दोन-पाच-एक-सातमध्ये दिवा पेटलेला! हिशेब चालवला, संपल्यावर पाहिलं, दिवा गेलेला. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी घरात शिरून आकडा बदलत होतं.

आता दोनच शक्यता होत्या. एक तर प्रोग्रॅम आपल्याच तक्त्यावर चुकून काहीतरी लिहीत होता, नाहीतर यंत्राचं ते घरच खराब होतं. प्रोग्रॅम आमच्या विभागाचा, यंत्र मूर्तींचं. असल्या वेळी दुसऱ्या कचेऱ्यांत काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मूर्ती मात्र स्वेटरच्या बाह्या वर सारून म्हणाले, "शांतक्का, उजव्या पंखाचा तक्ता उचलून दुसरीकडे ठेवा. तीन-एक-शून्य-शून्यला. चूक तुमची असेल तर ती तक्त्याच्या मागे मागे तिथे जाईल. माझी असेल तर जुन्याच घरात राहील."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. दहा मिनिटांपूर्वी हाच माणूस कार्डाला दोष देत होता!

डॉ. रंगाचारींना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला. "एका दिव्यावरून मी उद्याचं उड्डाण थांबवू शकत नाही," ते म्हणाले. "पण कुट्टप्पांना वरही पाठवू शकत नाही. मला पुरावा द्या. तीन वाजता मी कारखान्याला फोन करणार. तेव्हा काहीतरी एक सांगता आलं पाहिजे."

तक्ता हलवणं म्हणजे नुसतं उचलून ठेवणं नव्हे. प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे उजव्या पंखाचा पत्ता होता ती प्रत्येक सूचना शोधून तिच्यातला पत्ता बदलायचा, तोही आठ-नऊ नसलेल्या बेरजेने. मी कागदावर बेरजा करत होते, मूर्ती कार्डांना भोकं पाडत होते आणि कुट्टप्पा माझी प्रत्येक बेरीज मागे उभं राहून तपासत होते. तासाभरात त्यांना ती मोजणी आली. एकदा तर त्यांनी माझी चूकही पकडली. "सहा आणि तीन नऊ नाही, मिस शांता. अकरा!" मी जीभ चावली. त्या दिवशी जेवायला कुणी गेलं नाही. कँटीनच्या माणसाने दाराबाहेर कॉफी आणून ठेवली, आम्ही पाळीपाळीने बाहेर जाऊन प्यायलो. आत कॉफी न्यायची म्हणजे मूर्तींशी भांडण.

हिशेब नव्या पत्त्यांनी चालवला. संपला. मी तीन-एक-एक-सात लावला. दिवा पेटलेला! चूक तक्त्याच्या मागे गेली नव्हती. म्हणजे प्रोग्रॅम निर्दोष. मूर्तींचा चेहरा पडला, पण त्यांनी स्वतःच खटके जुन्या घराकडे वळवले. त्या घरात चाचणीसाठी आम्ही तोच आकडा ठेवून दिला होता.

दोन-पाच-एक-सात. तिथेही दिवा पेटलेला.

चूक नव्या घरी गेली नाही आणि जुन्या घरीही राहिली नाही. नाहीशीच झाली. आणि घड्याळात अडीच वाजत आले होते.

"मग सकाळी काय पाहिलं आपण?" मी म्हटलं.

मूर्ती खुर्चीत बसले आणि छताकडे बघत राहिले. मग एकदम ताठ झाले. "सकाळी त्या घरात आणि आत्ता त्या घरात फरक काय?"

"सकाळी तिथे पंख होता," कुट्टप्पा म्हणाले. "आत्ता नुसता पडून राहिलेला आकडा आहे."

"सरी, सरी, बरोबर! पडून आहे!" मूर्ती ओरडलेच. "सकाळी हिशेबाने त्याला हजारो वेळा हात लावला. आत्ता कुणी लावलाच नाही!"

ते काय म्हणाले ते सांगते. त्या यंत्रात प्रत्येक आकडा मोहरीएवढ्या लोखंडी कड्यांमध्ये साठवलेला असे, तारांत ओवलेल्या कड्या. आकडा वाचला की कड्या उलटायच्या आणि लगेच परत सुलट करायच्या. एकाच घराला सारखा हात लागला तर तिथली कडी तापते. चांगल्या कडीला त्याचं काही वाटत नाही. एखादी कच्ची असली तर तापल्यावर विसरते. रोज सकाळी मूर्ती चाचणी घेत, पण त्या चाचणीत यंत्र प्रत्येक घरात एकेकदा डोकावून पुढे जाई. कुठल्याच घराला तापायला वेळ मिळत नसे. म्हणून यंत्र रोज पास!

"शांतक्का, लहानसा प्रोग्रॅम लिहा. एकच घर. वाचत राहायचं, वाचत राहायचं, आणि आकडा बदलला की यंत्र थांबवायचं."

कार्डं पाडत बसायला वेळ नव्हता. मी खटक्यांवरूनच सूचना एकेक करून आत घातल्या. पत्ता लाव, सूचना लाव, ठेव. पुढचा पत्ता. मोजक्याच सूचना, पण प्रत्येकीचे खटके मी दोनदा तपासत होते. एवढ्यात दार उघडलं. डॉ. रंगाचारी आले होते, कारखान्याच्या आराखडा विभागाच्या मुख्यांना घेऊन. तीन वाजायला आले होते.

"आधी शेजारचं घर घ्या," मूर्ती म्हणाले. "दोन-पाच-एक-सहा. तेही विसरलं तर दोष त्या एका घराचा नव्हे." मी ते लावलं आणि सुरू केलं. यंत्र चालत राहिलं. पाच मिनिटं, काही नाही. थांबवलं. आता पत्ता बदलला. दोन-पाच-एक-सात. सुरू.

दिवे भराभर लुकलुकत होते. एक मिनिट गेलं. आराखड्याचे मुख्य माझ्याकडे, मग घड्याळाकडे पाहू लागले. दोन मिनिटं. कुट्टप्पा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे होते, शर्यत बघावी तसे. मी मनात बनशंकरीला म्हटलं, विझव ग तो दिवा! चांगल्यासाठी दिवा विझव म्हणून कुणी देवीला साकडं घातलं असेल तर ती मीच.

आणि यंत्र थांबलं! लुकलुक एकदम बंद, कोपऱ्यातला लाल दिवा लागला. मी 'दाखव' दाबलं. ओळ पेटली. तोच, सकाळचाच दिवा विझलेला.

मूर्ती आपल्या यंत्राचा दोष सिद्ध झाल्याबद्दल टाळ्या वाजवत होते! मीही ओरडले असेन, काय ते आठवत नाही, कुट्टप्पा म्हणतात ते मराठी होतं. डॉ. रंगाचारींनी तिथलाच फोन उचलला. "उद्याचा वेग मी मागे घेतोय," एवढंच म्हणाले. "नवा आकडा संध्याकाळच्या आत देतो." मग वळून माझ्याकडे पाहिलं. "तक्ता हलवलेला हिशेब झालाय ना तुमचा? तो तीनदा चालवा. तिन्ही उत्तरं सारखी आली पाहिजेत."

तिन्ही सारखी आली. नवा वेग जुन्यापेक्षा बराच कमी होता.

त्या घराचं काय झालं, तर कड्या ओवलेली स्मृतीची ती चौकट परदेशातून नवी येईपर्यंत मूर्तींनी भिंतीवर पाटी लावली: '२५१७ मध्ये कुणी राहू नये.' नवीन आलेले लोक पाटी वाचून विचारायचे, हा कुठला रस्ता? पण एक गोष्ट अजून मला टोचते. चौकट बदलण्याआधी किती हिशेब त्या घरातून गेले असतील? आम्ही जुनी कामं शोधली, जी मिळाली ती परत चालवली, आणि ती बरोबर निघाली. बऱ्याच जणांची कार्डं फेकून दिलेली होती. काही जणांनी कळवलं, उत्तर चाललं ना, मग राहू दे. त्यांच्या उत्तरात एखादा दिवा कमी होता की नव्हता, हे आता कुणालाच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी डॉ. रंगाचारींनी आम्हा दोघांना जीपमध्ये घातलं आणि धावपट्टीच्या कडेला नेऊन उभं केलं. इतक्या दिवसांच्या नोकरीत मी तिकडे कधी गेले नव्हते. पाहुणे मांडवात होते, आम्ही उन्हात. विमान उडालं, आवाज छातीत घुमला, मग ते ठिपक्याएवढं झालं. मूर्ती शेजारी काहीतरी पुटपुटत होते. बहुधा पत्ते.

विमान परत आलं. कुट्टप्पा उतरले, पाहुण्यांना सलाम केला, मग सरळ आमच्याकडे चालत आले. घामाने भिजलेले होते. "तुमच्या नव्या आकड्याच्या जरा अलीकडेच थरथर सुरू झाली," ते म्हणाले. "दांडी हातात नाचायला लागली. लगेच वेग कमी केला." मग म्हणाले, "कालच्या आकड्यापर्यंत मी गेलो असतो. बेधडक गेलो असतो."

मग त्यांनी विचारलं, "पंख पाहिलात का कधी?"

"नाही."

"चला."

विमान जवळून खूप मोठं होतं आणि त्याच्या अंगाला तेलाचा वास येत होता. ते मला उजव्या बाजूला घेऊन गेले, अगदी टोकापर्यंत. तिथे पातळ पत्र्यावर रिव्हेटची एक ओळ होती. मी हात वर करून त्या टोकाला लावला. उन्हाने ते चांगलंच तापलं होतं. मी हात काढला नाही.